रक्त नेलं, मग रिपोर्ट कुठाय?

मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर मराठवाड्यात काम व्हायला पाहिजे असं म्हटलं की समोरचा माणूस दोनच गोष्टी बोलतो. एक, इथं तालुक्याला साधा न्यूरोचा डॉक्टर मिळंना आणि तुम्ही जीनचं काय घेऊन बसलात. दोन, ज्याला इलाजच नाही ते कळून तरी काय करायचं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, विचारणारी माणसं सुद्धा वाईट नसतात, बऱ्याचदा डॉक्टरच असतात. पण मी लातूरला बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो, आमच्या गावाकडं असं एक घर लहानपणापासून बघत आलोय, आणि मला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत असं वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या घरातनं तपासणीला, संशोधनाला रक्त नेलं त्या घराला त्याचं उत्तर मिळालंच पाहिजे, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या जिल्ह्यात. आणि हे व्हायचं असेल तर दोन-तीन वर्षाच्या प्रोजेक्टपुरता येणारा माणूस चालत नाही, त्या घराशी पंचवीस-तीस वर्षं बांधलेला माणूस लागतो.

असा माणूस आपल्याच राज्यात होऊन गेला. डॉ. नोशिर वाडिया. जन्म १९२५ चा, लंडनहून न्यूरॉलॉजी शिकून आले आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी दवाखान्यात, न्यूरॉलॉजीचा विभाग उभा केला. तिथं त्यांच्याकडं तोल जाणारे, बोलणं अडखळणारे पेशंट यायचे. असे पेशंट जगात सगळीकडंच होते, पण वाडियांच्या लक्षात आलं की यातल्या काही घरांत डोळ्यांची हालचाल सुद्धा फार हळू होतेय. आपण एका वस्तूवरनं दुसऱ्या वस्तूवर नजर टाकतो तेव्हा डोळा झटकन उडी मारतो, या लोकांचा डोळा सावकाश सरकत जायचा. आणि हे एका पेशंटमधे नाही तर त्याच्या बापात, चुलत्यात, बहिणीत पण. १९७१ ला त्यांनी डॉ. स्वामींबरोबर अशा नऊ घराण्यांचं वर्णन 'ब्रेन' नावाच्या नियतकालिकात छापलं आणि सांगितलं की हा वेगळा आजार आहे. तेव्हा जीनबिन काही सापडलेलं नव्हतं. ते सापडलं १९९६ ला, बाराव्या गुणसूत्रावर, आणि आजाराला आज एससीए-२ म्हणतात, स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाचा, म्हणजे लहान मेंदू बिघडून तोल जायच्या आजाराचा, दुसरा प्रकार. आणि १९९८ ला, म्हणजे सत्तरी ओलांडलेली असताना, त्याच वाडियांनी एससीए-२ पक्का झालेल्या सहा भारतीय घराण्यांचा अभ्यास त्याच 'ब्रेन'मधे छापला आणि परत तेच दाखवलं की डोळ्याच्या संथ हालचालीवरनं हा प्रकार ओळखता येतो. १९७१ ते १९९८. सत्तावीस वर्षं एकाच प्रश्नामागं. २०१२ ला पद्मभूषण मिळालं, २०१६ ला गेले. आमच्या पोरांना विचारा, एकालाही हे नाव माहीत नसतं, आणि यात पोरांचा काही दोष नाही कारण पुस्तकात नाहीच.

मला वाडियांचं हे काम एवढं का भावतं ते सांगतो. त्या तपासणीला मशीन लागत नाही. डॉक्टर आपली दोन बोटं पेशंटच्या डोळ्यांपुढं धरतो, एक डावीकडं एक उजवीकडं, आणि म्हणतो मान हलवू नका, आता या बोटाकडं बघा, आता त्या बोटाकडं बघा. एवढंच. डोळा झटकन गेला का सरकत गेला. आष्टीच्या, कळंबच्या, किनवटच्या ग्रामीण रुग्णालयात बसलेला एमबीबीएस डॉक्टर हे अर्ध्या मिनिटात करू शकतो, फक्त त्याला कुणीतरी शिकवलेलं पाहिजे की असं बघायचं असतं.

आता हे बघितलं नाही तर काय होतं ते आमच्या गावाकडच्या त्या घरात बघितलंय. घर ऊसतोडीला जाणारं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल देतो ती त्या जोडीला, म्हणजे दसऱ्याच्या आधी पैसे घ्यायचे, घरात खर्चायचे, आणि मग पाच-सहा महिने फडात राबून फेडायचे. त्या घरातल्या थोरल्याचा तोल पस्तिशीच्या आसपास जायला लागला. आधी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकमधे चढताना पाय लटपटायचे, मग सपाट रानात पण, मग जीभ जड झाली. फडात सगळे म्हणाले दारू चढलीय. त्यानं आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता, माळकरी माणूस. पण चालणं बघितलं की कुणाचाही तोच समज व्हायचा, एसटीचा कंडक्टर चढू द्यायचा नाही, पोरीला शाळेत पोरं चिडवायची की तुझा बाप बेवडा आहे. त्याची आई एकदा मला म्हणाली, "सर, याचा बाप बी असाच गेला, तवा बी लोक असंच म्हणायचे. आता धाकट्याचा पाय बी वळायलाय. तुम्ही शिकलेले हाव, कामून होतंय हे एवढं तरी सांगा." ती इलाज मागत नव्हती. का होतंय ते विचारत होती.

मुकादमाचं तर वेगळंच. एक माणूस पडला की कोयता मोडला, आणि कोयता मोडला तरी उचल फिटत नाही, ती बायकोच्या नावावर चढते, तिच्या नावावर नाही भागलं तर पोराला शाळेतनं काढून फडात नेतात. आणि नेमकं तेच पोर ज्याला हा आजार व्हायची शक्यता निम्मी आहे. मेंदूतल्या एका जीनमधल्या बिघाडाचा असा थेट संबंध ऊसतोडीच्या कर्जाशी लागतो आणि हे कुठल्याच संशोधनाच्या पेपरमधे येत नाही, कारण पेपर लिहिणारा तेवढा वेळ तिथं राहिलेलाच नसतो.

त्या घरातनं रक्त नेलं होतं. शहरातल्या एका मोठ्या संस्थेतली माणसं आली होती, चांगली माणसं होती, गोड बोलली, इंग्रजी फॉर्मवर अंगठे घेतले, सगळ्यांच्या नळ्या भरून नेल्या. त्यानंतर आजपर्यंत त्या घराला काही कळलेलं नाही. प्रोजेक्ट संपला असेल, ज्या पोरीनं सॅम्पल घेतलं तिची पीएचडी होऊन ती परदेशात गेली असेल, संस्थेच्या फ्रीजरमधे नळ्या अजून असतील. मी कुणा एकावर राग धरून हे लिहीत नाही. व्यवस्थाच अशी आहे की संशोधकाला पेपर मोजून पुढची नोकरी मिळते, पेशंटला रिपोर्ट सांगितला का याचे मार्क कुणी देत नाही.

आता जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट घेऊ. हंटिंग्टन नावाचा आजार. हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागतात, मग स्वभाव बदलतो, विचार करायची ताकद जाते, दहा-वीस वर्षांत माणूस संपतो. १८७२ ला जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरनं याचं वर्णन लिहिलं तेव्हा तो फक्त बावीस वर्षांचा होता, आणि ते जमलं कशामुळं तर त्याचा बाप आणि आजा त्याच गावात डॉक्टर होते, तीन पिढ्यांनी त्याच घरांना बघितलं होतं. परत तेच, टिकून राहणं. पुढं १९६८ ला नॅन्सी वेक्सलर या तरुण पोरीला कळलं की आपल्या आईला हाच आजार आहे, म्हणजे आपल्याला आणि बहिणीला निम्मी-निम्मी शक्यता. नॅन्सी मेडिकलची डॉक्टर नव्हती, सायकॉलॉजी शिकलेली. व्हेनेझुएलात माराकाइबो नावाच्या तळ्याच्या काठी मच्छीमारांच्या गरीब वस्त्यांत हा आजार घरोघर आहे असं तिथल्या अमेरिको नेग्रेते या डॉक्टरनं १९५५ लाच लिहून ठेवलं होतं. नॅन्सी १९७९ ला तिथं पहिल्यांदा गेली, १९८१ पासनं टीम घेऊन दरवर्षी, वीस वर्षांहून जास्त. झाडाखाली बसून वंशावळी काढल्या, बाप्यासाठी चौकोन, बाईसाठी गोल, आजारी असेल तर काळा भरलेला, मेला असेल तर त्यावर तिरपी रेघ, असं करत अठरा हजारांहून जास्त माणसांचं एक झाड तयार झालं आणि चार हजारांहून जास्त लोकांचं रक्त गोळा झालं.

लोक सुरुवातीला बिचकायचे. आमचंच रक्त कामून पाहिजे, तुमच्या देशात नाही का आजारी माणसं. तेव्हा टीममधल्या नर्सनं नॅन्सीचा हात धरून वर केला आणि दंडावरचा कातडीचा तुकडा काढल्याचा व्रण सगळ्यांना दाखवला, की बघा हिनं पण दिलंय, हिच्या घरात पण हेच आहे. मग लोक पुढं आले. ही घटना मी वर्गात दरवर्षी सांगतो कारण संमती म्हणजे काय हे कुठल्याही फॉर्मपेक्षा यातनं जास्त कळतं.

त्या रक्तावर जेम्स गुसेला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ ला शोधून काढलं की दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे. नेमका जीन सापडायला आणखी दहा वर्षं, १९९३. आपल्याकडं किल्लारीचा भूकंप झाला ते वर्ष. सहा प्रयोगशाळांची मिळून अठ्ठावन्न माणसं त्या पेपरवर होती. सापडलं ते असं की डीएनएमधे सीएजी ही तीन अक्षरं ओळीनं परत परत येतात, आपल्या सगळ्यांमधेच येतात, साधारण सव्वीसपर्यंत काही त्रास नाही, पण चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली की पुरेसं आयुष्य मिळालेल्या माणसाला आजार होतोच. छत्तीस ते एकोणचाळीसमधे होईल किंवा नाही होणार. आणि पिढी बदलताना, खास करून बापाकडनं येताना, ही संख्या वाढू शकते, म्हणून बापाला पंचेचाळिशीत झालेलं पोराला तिशीतच होतं. वाडियांच्या एससीए-२ मधे पण हेच, तीच तीन अक्षरं, फक्त जीन वेगळा. आमच्या गावाकडची म्हातारी म्हणते ना की याच्या बापापेक्षा याला लवकर धरलं, तर तिनं जे नुसत्या डोळ्यांनी बघितलंय त्याचं कारण हे आहे.

पण माराकाइबोच्या लोकांना यातनं काय मिळालं? जगभर टेस्ट निघाली, हातापायांची हालचाल आटोक्यात ठेवणाऱ्या टेट्राबेनाझिनला २००८ ला अमेरिकेत मान्यता मिळाली, कंपन्यांनी जीन दाबायची औषधं करून बघायला घेतली, त्यातल्या एकाची मोठी ट्रायल २०२१ ला थांबवावी लागली पण दुसऱ्यांचं काम चालू आहे. आणि तळ्याकाठची माणसं अजून त्याच पत्र्याच्या घरात, वर व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा साधी औषधं आणि पोटभर जेवण पण मिळेना. त्यांच्यासाठी देणग्यांवर चालणारं एक केअर होम निघालं होतं, ते पुढं बंद पडलं. नॅन्सी वेक्सलरनं मनापासनं त्यांच्यासाठी केलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, २०२० ला तिनं जाहीर केलं की तो आजार तिला स्वतःला पण झालाय, म्हणजे ती त्या लोकांतलीच एक. पण एका माणसाची माया किती पुरणार, तिथं सरकारी दवाखान्यात कायमचं काही उभं राहिलं नाही ही खरी गोष्ट आहे. आपण मराठवाड्यात काम सुरू करणार असू तर पहिल्याच दिवशी हे डोळ्यांपुढं पाहिजे.

याच्या उलट क्युबा बघा. देश गरीबच. तिथल्या ओल्गिन प्रांतात एससीए-२ चे पेशंट जगात सगळ्यात जास्त दाटीनं आहेत. त्यांनी राजधानीत नाही, ओल्गिनलाच या आजारांचं संशोधन आणि पुनर्वसनाचं केंद्र काढलं, डॉ. लुइस वेलाझकेझ यांच्या पुढाकारानं. त्याच शहरात टेस्ट, त्याच शहरात समुपदेशन, त्याच शहरात तोल सांभाळायचे व्यायाम, आणि संशोधनाचे पेपर सुद्धा तिथूनच. पेशंट आहेत तिथं संशोधक जाऊन राहिला की काय होतं याचं हे उदाहरण, आणि याला फार श्रीमंती लागली असं काही नाही.

आता तो प्रश्न, इलाज नाही तर कळून काय करायचं. मुळात सगळ्यांनाच इलाज नाही हे खोटं आहे. विल्सन्स डिसीज म्हणून आजार आहे, शरीरात तांबं साठतं, यकृत बिघडतं, हात थरथरतात, बोलणं बिघडतं, शाळेत हुशार असलेलं पोर मागं पडतं. पोराला बाहेरचं झालं म्हणून देवऋष्याकडं नेतात, कोंबडं कापतात, वर्ष वाया जातं. डोळ्याच्या डॉक्टरनं स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, बघितलं तर बुबुळाच्या कडेला तपकिरी कडी दिसते, आणि पेनिसिलामिन किंवा झिंकच्या गोळ्या वेळेत सुरू करून जन्मभर चालू ठेवल्या तर पोर बऱ्यापैकी नॉर्मल आयुष्य जगतं. आणि एका पोराला निघाला की सख्ख्या भावंडांना असायची शक्यता चारात एक, त्यांना लक्षणं यायच्या आधीच गोळ्या चालू करता येतात. म्हणजे घरातल्या एकाचं निदान हे दुसऱ्याचं औषध आहे. व्हिटॅमिन ई शरीरात टिकत नाही म्हणून होणारा अटॅक्सिया असतो, त्याला व्हिटॅमिन ई द्यायचं, झालं. हे शोधल्याशिवाय कळणार कसं, सगळ्यांचं चालणं सारखंच दारूड्यासारखं दिसतं.

आणि ज्याला खरंच इलाज नाही त्याला पण कळायचा उपयोग आहे. त्या घरानं एका म्हाताऱ्याच्या आणि दोन पोरांच्या मागं किती एमआरआय काढले असतील, प्रत्येक नवीन डॉक्टर नवीन एमआरआय सांगतो, प्रत्येकवेळी रिपोर्टवर लिहून येतं की लहान मेंदू आकसलाय, आणि प्रत्येकवेळी एखादी शेळी किंवा गुंठाभर जमीन जाते. एकदा जीनचा रिपोर्ट हातात आला की हे थांबतं. विहिरीवर मोटर चालू करायला एकट्यानं जाऊ नको, गाडी चालवू नको, हे सांगता येतं. व्यायाम सुरू करता येतो, तोल राखायच्या नियमित व्यायामानं चालणं काही काळ सुधारतं हे अभ्यासांत दिसलेलं आहे. दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढताना बोर्डापुढं कागद राहतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, पार्किन्सन्सचं नाव आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं आहे, अटॅक्सियाचं वेगळं नाव नाही, त्यामुळं हा माणूस धड दिसतोय, हातपाय जागेवर आहेत, मग टक्के कशाचे लिहायचे असं होतं आणि परत पुढच्या बुधवारी या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या माळकरी माणसाला गावात बेवडा म्हणणं थांबतं. हे मला कुठल्याही गोळीपेक्षा कमी वाटत नाही.

पैशाचं म्हणाल तर इथं लोकांची चक्क फसगत होते. खाजगीत लोक हजारो रुपये भरून एक्झोम नावाची, जीनची अक्षरं वाचायची टेस्ट करतात, रिपोर्ट येतो की काही सापडलं नाही, आणि घर खूष, चला आनुवंशिक नाहीये म्हणून. पण नेहमीच्या एक्झोम टेस्टमधे ही सीएजीची वाढलेली लांबी बहुतेकवेळा सापडतच नाही, त्याला वेगळी टेस्ट लागते आणि तिचा पाया साधा पीसीआर आहे. पीसीआर म्हणजे काय हे कोरोनानंतर गावातल्या पोराला पण माहीत आहे. लांबी नेमकी मोजायला आणखी एक मशीन लागतं, ते प्रत्येक जिल्ह्यात नसेना का, सॅम्पल पाठवता येतं. कोरोनात संभाजीनगर, लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत तपासणीच्या लॅब चालल्याच ना, तिथल्या टेक्निशियन पोरांनी रात्रंदिवस काम करून दाखवलं. तेव्हा अडलंय ते मशीनपाशी नाही, कुठली टेस्ट कुणाला सांगायची आणि रिपोर्ट आल्यावर समोर बसवून कसं समजवायचं हे जाणणारा माणूस नाही तिथं अडलंय. केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ ला आलं, त्यात ठराविक आजारांना पन्नास लाखांपर्यंत मदत आहे, पण ती मिळते नेमलेल्या केंद्रांतनं, आणि त्यातलं आपल्या राज्यातलं म्हणजे मुंबईचं केईएम. ज्याला उभं राहता येत नाही त्याला घेऊन देवगिरीच्या नाहीतर लातूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढून बघा, मग कळेल आठ जिल्ह्यांत एकही केंद्र नसणं म्हणजे काय.

एक गोष्ट मात्र अवघड आहे आणि ती मी टाळणार नाही. लग्नं. रिपोर्ट कळला आणि भावकीत फुटला की त्या घरातल्या पोरींची लग्नं मोडणार, हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून लोक लपवतात, आणि लपवतात म्हणून पुढच्या घरात पण आजार जातो. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न करायची रीत आहे, कर्नाटक-तेलंगणाच्या बाजूला तर मामा-भाचीचं पण होतं, त्यामुळं आजार दिसला की लोक म्हणतात नात्यात केलं म्हणून झालं. विल्सन्ससारख्या आजारात हे काही अंशी खरं आहे, आई आणि बाप दोघांकडनं दोष आला तरच तो होतो, आणि नात्यात तोच दोष दोघांत असायची शक्यता वाढते. पण एससीए-२ किंवा हंटिंग्टनमधे एकाच बाजूचा दोष पुरतो, सून कितीही लांबची आणा, पोराला शक्यता निम्मीच. मग सुनेला दोष देणं, हिचा पायगुण वाईट म्हणणं, याला काही अर्थ राहत नाही. हे समजावून सांगितलं तर बायकांचा छळ तरी कमी होईल.

आणि ज्याला कळून घ्यायचं नाही त्याला न कळून घ्यायचा हक्क पाहिजे. हे माझं ठाम मत आहे. नॅन्सी वेक्सलरनं आयुष्यभर यावर काम केलं, आपण टेस्ट केलीय का हे ती लोकांना सांगायची नाही, आणि हंटिंग्टनसारख्या आजारात लक्षणं नसलेल्या अठराच्या आतल्या पोराची टेस्ट करायची नाही हा नियम जगभर पाळतात. बापाला वाटतं म्हणून सोळा वर्षाच्या पोरीचं रक्त काढून तिचं भविष्य कागदावर लिहायचं नाही, सासऱ्यानं मागितलं म्हणून तर नाहीच नाही. ज्याचा रिपोर्ट त्यालाच, बंद खोलीत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाही. विम्याचं पण बघावं लागेल, २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं आनुवंशिक आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारणं बेकायदा ठरवलं ते चांगलं झालं, पण नोकरीत, लग्नात जीनवरनं भेदभाव केला तर अडवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही. अमेरिकेत नोकरी आणि आरोग्य विम्यापुरता तो २००८ ला झाला. गर्भाच्या तपासणीचं तर बीड जिल्ह्यात नाव काढायची सोय नाही, पोटातल्या मुली पाडायचं जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि भीती योग्यच आहे, पण १९९४ चा कायदा लिंगनिदानाला बंदी करतो आणि त्याच कायद्यात आनुवंशिक आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे. चाळिशीत होणाऱ्या आजारासाठी गर्भाची टेस्ट करावी का हे नवरा-बायकोनं ठरवावं, आपण बाहेरच्यांनी नाही, पण ठरवायला त्यांना माहिती तरी पाहिजे ना.

आता माणूस कुठनं आणायचा. लातूर पॅटर्नचं सगळ्या महाराष्ट्राला कौतुक आहे, आमच्या वर्गातली पोरं जेनेटिक्सचा चॅप्टर कोळून पितात, पेडिग्रीवरचा, म्हणजे वंशावळीवरचा, प्रश्न आला की तीस सेकंदात उत्तर सांगतात, ऑटोसोमल डॉमिनंट, सर, म्हणजे एकाच बाजूचा दोष पुरतो. तोच चौकोन, तोच गोल. आणि पाच-दहा किलोमीटरवर एका घरात तो पेडिग्री जिवंत बसलेला असतो. यातल्या थोड्या पोरांना सरकारी सीट मिळते, बाकीची हजारो पोरं दोन-तीनदा रिपीट करून थकतात आणि बीएस्सी बायोटेकला जातात, तिथनं पुढं मेडिकलचं दुकान नाहीतर स्पर्धा परीक्षा. या पोरांपुढं जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट घराला समजावून सांगणारा समुपदेशक, हे काम म्हणून कुणी कधी ठेवलंच नाही. पोरगं मराठी बोलतं, ऊसतोडीचं कॅलेंडर जाणतं, दिवाळीनंतर गाव रिकामं होतं आणि गुढीपाडव्याच्या आसपास भरतं हे त्याला सांगावं लागत नाही, म्हातारीला माय म्हणून हाक मारतं. त्याला दोन वर्षं नीट शिकवून सरकारी कॉलेजात पर्मनंट पोस्ट दिली, कंत्राटी नाही, तर तो तीस वर्षं त्या घरांबरोबर राहील. दिल्लीला एम्स आणि आयजीआयबी या जीनवर संशोधन करणाऱ्या संस्थेमधे डॉ. अचल श्रीवास्तव, डॉ. मिताली मुखर्जी यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं भारतातल्या अटॅक्सियाच्या घरांवर काम केलंय, एससीए-१२ हा जगात फार कमी दिसणारा प्रकार उत्तर भारतातल्या अग्रवाल समाजात जास्त आहे हे अशा चिकाटीतनंच पुढं आलं. आपल्या आठ जिल्ह्यांत कुठल्या समाजात काय आहे हे कुणी एवढी वर्षं बसून बघितलंय? मला तरी असं काम दिसलेलं नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी ठेवायची म्हणतो म्हणजे कुणाला निधी नाही म्हणता येऊ नये. मराठवाड्यातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात आठवड्यातनं एक दिवस आनुवंशिक आजारांची ओपीडी, एक कायमचा समुपदेशक, आणि घराण्यांचं एक रजिस्टर जे डॉक्टरची बदली झाली तरी कपाटात राहील आणि कुलूपबंद राहील. ऊसतोडीच्या घरांची तारीख गुढीपाडव्यानंतरची द्यायची, जानेवारीतली देऊन पेशंट आला नाही असं केस पेपरवर लिहायचं नाही. आणि बाहेरनं कुठलीही संस्था, कितीही मोठी असो, रक्त न्यायला आली तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीनं एकच अट घालावी. आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत समजेल अशा भाषेतली संमती, समुपदेशन हे सगळं आहेच, त्यात फक्त फॉर्मच्या खाली मराठीत दोन ओळी वाढवायच्या: तुमचा रिपोर्ट अमुक महिन्यापर्यंत येईल, ऐकायचा असेल तर या दवाखान्यात, या नावाच्या माणसाकडं या, ऐकायचा नसेल तर तसं सांगा, तुम्हाला कुणी विचारणार नाही. त्या ओळींखाली संशोधकाची सही आधी, घरच्यांचा अंगठा नंतर.